वरातीच्या घोडीवरचा जासूद

लुंबिनी मेश्रामला शंका फार येत. ती सातवीत होती, पण तिनं हात वर केला की शाळेतल्या बाईंना घाम फुटे.

तिची आई प्रभावती दिल्लीत एका मंत्रालयात नोकरीला होती. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून मेश्राम मंडळी नोएडातल्या स्वतःच्या फ्लॅटात आली त्याला दीड वर्ष झालं होतं. सोसायटीला गेट होतं पण भिंत नव्हती. लिफ्टची जागा होती पण लिफ्ट नव्हती. टेलिफोनसाठी सगळे कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभे राहत. केबल मात्र माणसांच्या आधीच येऊन बसली होती, आणि लुंबिनीच्या मराठीचं आता काही खरं नाही, अशी प्रभावतीनं धास्ती घेतली होती. पोरगी नागपूरला गेली की आजीशी हिंदीत बोलायची, आणि आजी तिला पाहुण्यांसारखा चहा द्यायची.

म्हणून प्रभावतीनं खालच्या मजल्यावरच्या देवस्थळींना गाठलं. शशिकांत देवस्थळी मूळचे पुण्याचे. दिवसा ते टीव्हीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी खातं सांभाळत, आणि पहाटे पाच ते सात इतिहास गाजवत. पुण्याहून निघणाऱ्या मुलांच्या एका मासिकात त्यांची साहसकथा दर महिन्याला क्रमशः येत असे. ठरलं असं, की प्रत्येक प्रकरण टपालात पडण्याआधी लुंबिनीनं ते मोठ्यानं वाचायचं.

"तिचं मराठी सुधारेल," प्रभावती म्हणाली, "आणि तुमची एखादी चूक राहिली असेल तर तिला सापडेल."

दुसरं वाक्य तिनं नुसतं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. लुंबिनीनं ते मनावर घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती सहावं प्रकरण घेऊन बसली. साल अठराशे तीन. कथेचा नायक विष्णू, वय वर्षं पंधरा, शिंद्यांचा जासूद. अलीगढचा किल्ला पडला आहे, इंग्रजांची फौज दिल्लीकडे निघाली आहे, आणि ती खबर यमुनेकाठच्या मराठी छावणीत विष्णूनं पोचवायची आहे.

"'विष्णूने घोडीवर मांड ठोकली,'" लुंबिनीनं वाचलं. "काका, म्हणजे मांडीवर मारलं? कबड्डीत मारतात तसं?"

"मांड ठोकणं म्हणजे घट्ट बसणं."

"अच्छा. 'रिकिबीत पाय रोवून...' रिकीब?"

"पाय ठेवायची लोखंडी कडी. खोगिराला लटकलेली असते."

"कोणता पाय आधी ठेवायचा?"

देवस्थळींनी ठोकून दिलं, "उजवा."

"का?"

"शुभ असतो म्हणून."

लुंबिनीला हे काही पटलं नाही, पण ती पुढे गेली. पुढच्या पानावर विष्णू इंग्रजांच्या गोळ्या चुकवायला घोडीच्या पोटाखाली लोंबकळला, आणि तसाच सात कोस भरधाव गेला. एका हातात लखोटा, दुसऱ्या हातानं भाजलेले चणे तोंडात टाकत.

"मग घोडी कोणत्या हातानं धरली?"

देवस्थळींनी कागद ओढून घेतला. वाचला. परत वाचला.

"पायांनी," ते म्हणाले.

"काका, तुम्ही कधी घोड्यावर बसलात?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "माथेरानला बसले होते!" वैजयंतीकाकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "फोटो काढेपर्यंत. मग दोघांनी धरून उतरवलं."

देवस्थळींचे कान लाल झाले. सात वर्षं ते मुलांना घोडदौडी पुरवत होते, महाराष्ट्रातल्या एकाही पोरानं हिशेब विचारला नव्हता, आणि इथं नोएडात, मराठीत नापास होईल अशी भीती असलेली पोर त्यांना चणे कुठल्या हातानं खाल्ले ते विचारत होती.

"उद्या रविवार आहे," ते एकदम म्हणाले. "प्रकरण सोमवारी टाकायचंय. उद्या घोड्यावर बसून बघतो. चल तूही."

नोएडात घोडा मिळतो कुठं, हे लुंबिनीला माहीत होतं. सेक्टरांच्या मधोमध जुनी गावं तशीच राहिली होती, आणि शाळेची बस त्यातल्या एका गावाला वळसा घालून जाई. तिथं सुरजन नावाचा घोडीवाला होता. त्याची घोडी पांढरीशुभ्र, नाव रूपमती. लग्नसराईत तिला श्वास घ्यायला फुरसत नसे.

ते पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रूपमतीवर लाल मखमलीची झूल चढली होती, कपाळावर आरशांची पट्टी लटकत होती आणि सुरजन तिच्या गुडघ्यांना घुंगरू बांधत होता.

"हमको इसके उपर बैठना है," देवस्थळी म्हणाले.

"शादी किसकी है?"

"शादी नहीं है."

"फिर घोड़ी क्यों?"

"हमारा विष्णू इसके पेट के नीचे लोंबकळेगा," देवस्थळींनी समजावलं.

सुरजननं घोडीकडे पाहिलं, मग देवस्थळींच्या पोटाकडे पाहिलं, आणि शेवटी अपेक्षेनं लुंबिनीकडे.

"ताऊ, ये कहानी लिखते हैं," लुंबिनी म्हणाली. "घोड़े वाली. पर कभी बैठे नहीं हैं. बस देखना है कि कैसा लगता है."

सुरजनला हसू आलं, आणि हसू आलेला माणूस अर्धा कबूल झालेला असतो. पाच वाजता घोडी सेक्टर सव्वीसच्या एका लग्नात पोचवायची होती. तिथपर्यंत बाबूजींनी बसावं, त्याची काही हरकत नव्हती. अट एकच. सजवलेल्या घोडीवर बोडक्या डोक्यानं कुणी बसलं तर अपशकुन होतो. त्यानं खुंटीवरचा गुलाबी साफा काढला आणि देवस्थळींच्या डोक्यावर ठेवला. तो कानांपर्यंत खाली आला.

देवस्थळींनी शुभ म्हणून उजवा पाय रिकिबीत घातला आणि उडी मारली.

"बायाँ, बाबूजी, बायाँ!" सुरजन ओरडला. "पूँछ की तरफ़ मुँह करके जाओगे क्या?"

लुंबिनीनं वहीत लिहून घेतलं: डावा.

वर पोचायला चार प्रयत्न लागले. पोचल्यावर देवस्थळींनी घोडीची आयाळ दोन्ही मुठींत धरली. मग बारीक आवाजात म्हणाले, "लुंबिनी, खालून एवढं उंच दिसत नाही गं."

सुरजननं लगाम धरला आणि वरात निघाली. रूपमती संथ चालत होती. शंभर पावलं झाल्यावर देवस्थळींच्या अंगात धीर आला, आणि धीर आला की त्यांना इतिहास आठवे.

"माहितीये का, ही लढाई कुठं झाली?" त्यांनी वरून विचारलं. "इथंच. यमुनेच्या या काठाला, पटपडगंजच्या बाजूला. हे सगळं रान होतं. उंच गवत, मध्ये पाणथळ. त्या गवतात शिंद्यांच्या तोफा दडवल्या होत्या."

"इथं?" लुंबिनीनं आजूबाजूला पाहिलं. अर्धवट बांधलेले फ्लॅट होते, विटांचे ढीग होते, एका खांबावर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. "आपल्या नोएडात? शाळेत तर कुणी बोललंच नाही!"

"मराठे हरले ना. हरलेल्यांची पाटी कोण लावणार?"

या जमिनीत आपल्या सोसायटीच्या पायाशिवाय आणखीही काही असेल, हे लुंबिनीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी बस पकडायला ती जिथून पळायची, तिथूनच कुणी विष्णू पळाला असेल? ती पायाखाली बघत चालू लागली.

एवढ्यात समोरून सायकलरिक्षा आली. रिक्षात दोन पिशव्या फ्लॉवर होता आणि फ्लॉवरच्या मागे वैजयंतीकाकू होत्या. त्यांनी घोडी पाहिली. घोडीवरचा गुलाबी साफा पाहिला. साफ्याखालचा चष्मा पाहिला.

"अहो!"

"अगं, संशोधन आहे!" देवस्थळी ओरडले.

"आधी सांगायचंत तरी! करवली म्हणून आले असते!" काकूंनी रिक्षा थांबवली नाही, पण मागं वळून दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिल्या, आणि हसून हसून त्यांचा एक फ्लॉवर रस्त्यात पडला.

चौकात पानाची टपरी होती. सुरजननं लगाम लुंबिनीच्या हातात दिला आणि तो विडी पेटवायला गेला. "बस पकड़ के खड़ी रह, बेटा. ये हिलेगी नहीं."

तो म्हणाला ते खोटं नव्हतं. रूपमती गाड्यांना घाबरत नसे, फटाक्यांना घाबरत नसे, कुत्र्यांकडे ढुंकून बघत नसे. पण तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर बँडनं सूर धरला.

रूपमतीचे कान उभे राहिले. बारा वर्षं तिनं एकच नोकरी केली होती, आणि त्या नोकरीत बँड वाजला की कामावर हजर व्हायचं असतं. ती निघाली.

"काका, थांबवा तिला!"

"मी काहीच करत नाहीये!"

"तेच तर! काहीतरी करा ना!"

देवस्थळींनी लगाम ओढायला हात घातला, पण तो लुंबिनीच्या हातात होता. मग त्यांनी घोडीची मान मिठीत घेतली, डोळे मिटले आणि घट्ट बसले. घुंगरू खणखणत घोडी चौक ओलांडून गेली, मागे लगामाला लटकलेली लुंबिनी, तिच्या मागे विडी फेकून "रोको, रोको!" करत सुरजन, आणि सुरजनच्या आडवी आलेली डीटीसीची बस. बस गेली तेव्हा घोडी दिसेनाशी झाली होती.

पलीकडच्या रस्त्यावर खरोखरच वरात होती, पण घोडीवाचूनची. नवरदेव कॉम्प्युटर कंपनीत होता आणि फुलांनी मढवलेल्या पांढऱ्या मारुतीत काच वर करून बसला होता. गाडीच्या बाजूनं त्याची दादी काठी टेकत चालत होती आणि बोलत होती. आमच्या घराण्यात डब्यात बसून कुणी लग्नाला गेलं नाही. तुझे आजोबा घोडीवर, तुझा बाप घोडीवर, आणि तू? भाजीसारखा?

त्याच क्षणी रूपमती गल्लीतून बाहेर आली, बँडच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि नाचू लागली.

"घोड़ी आ गई!" दादीनं दोन्ही हात आभाळाकडे जोडले.

वधूपक्षाची माणसं मांडवाच्या दाराशी हार घेऊन उभी होती. घोडी दिसली, साफा दिसला, आणि त्यांच्यातल्या एका उत्साही काकांनी पुढं होऊन देवस्थळींच्या गळ्यात हार घातला. मग चष्मा दिसला, मिशा दिसल्या, पांढरे कल्ले दिसले. बँड एकेका वाद्यानं बंद पडला.

"लड़के की उम्र तो सत्ताईस बताई थी," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मैं लड़का नहीं हूं!" देवस्थळींनी ठासून सांगितलं. "मैं लेखक हूं!"

त्यांना चौघांनी मिळून उतरवलं. माथेरानपेक्षा दोन जास्त. आता दादीला नातू घोडीवर हवा होता, आणि नातू मारुतीतून उतरायला तयार नव्हता. लुंबिनी गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली आणि तिनं काचेवर टकटक केली. काच दोन बोटं खाली आली.

"भैया, ये घोड़ी आपकी नहीं है. सेक्टर सव्वीस में एक दूल्हा इसका वेट कर रहा है. पाँच बजे."

नवरदेवाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "सच?" तो कुजबुजला. "बेटा, तू इसे ले जा. जल्दी. मुझे इससे बहुत डर लगता है. दादी को मैं सँभालता हूँ."

तो गाडीतून उतरला, ताडताड दादीपाशी गेला, तिच्या पायांवर पडला आणि उठेचना. सगळे तिकडे धावले.

"काका, चला!" लुंबिनीनं डावा पाय रिकिबीत घातला आणि पहिल्याच उडीत वर जाऊन बसली. आपण एवढ्या सहज कशा चढलो, याचं तिला नवल वाटायला वेळच नव्हता. "लगाम धरा. निघा!"

देवस्थळींनी लगाम ओढला. रूपमती हलली नाही. बँड थांबला होता. तिच्या मते काम अजून सुरू व्हायचं होतं.

"तिला वाजवणं लागतं, काका! काहीतरी वाजवा!"

सरबताच्या टेबलावर स्टीलचं ताट होतं. देवस्थळींनी ते उचललं, दुसऱ्या हातात डाव घेतला आणि लग्नाचं म्हणून जे एक त्यांना तोंडपाठ होतं ते सुरू केलं. मंगलाष्टक. रूपमती निघाली खरी. पण 'शुभमंगल सावधान' आलं, ताट थांबलं आणि तीही जागच्या जागी थांबली. परत सुरुवात, परत सावधान, परत ब्रेक. तोवर मागं दादीचा आवाज आला, "अरे, घोड़ी कहाँ गई?" आणि दोन चुलतभाऊ स्कूटरला किक मारू लागले.

"सावधान नको!" लुंबिनी वरून ओरडली. "परेडसारखं वाजवा! आमच्या शाळेचं, सव्वीस जानेवारीचं! एक-दो, एक-दो!"

देवस्थळींनी ताट बडवलं. एक-दो, एक-दो. रूपमतीनं मान ताठ केली आणि दुडक्या चालीनं निघाली. ते पुढे पळत होते, घोडीचा श्वास त्यांच्या मानेवर येत होता. घाबरून ते जोरात वाजवू लागले, आणि जोरात वाजलं तशी घोडी जोरात पळू लागली. थांबावं तर ती अंगावर येणार, वाजवायचं बंद करावं तर मागून स्कूटर. बावन्न वर्षांचे शशिकांत देवस्थळी, गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर साफा, ताट बडवत नोएडाच्या रस्त्यानं जिवाच्या आकांतानं धावत होते.

वर लुंबिनीचे दात वाजत होते. पहिली दोन मिनिटं ती नुसती आदळली. मग तिला कळलं, की गुडघे आवळले आणि घोडी वर जाते तेव्हाच आपणही थोडं वर गेलं, तर आदळत नाही. मांड! तिला एकदम उमगलं. ही मांड! तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच, आणि खाली देवस्थळींना वाटलं पोर पडली.

"डावीकडे, काका! रिकाम्या प्लॉटमधून!"

ते बांधकामांच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसले. मागं स्कूटर वाळूच्या ढिगात रुतली, पण चुलतभाऊ उतरून पळत येऊ लागले. आणि समोर चर आला. सेक्टरची गटाराची लाईन टाकायला खणलेला, दोनेक हात रुंद, छातीएवढा खोल. सहाव्या प्रकरणात विष्णूची घोडी बारा हातांचा कालवा वाऱ्यासारखी उडून जाते.

रूपमती काठावर थांबली. लुंबिनीनं टाच मारली. रूपमतीनं मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं, की लुंबिनीनं "सॉरी" म्हटलं.

"मी पलीकडे जाऊन वाजवतो, म्हणजे येईल!" देवस्थळी धापा टाकत म्हणाले. त्यांनी चार पावलं मागं घेतली, 'हर हर महादेव' म्हटलं, उडी मारली आणि ताटासकट चरात नाहीसे झाले.

"काका! लागलं?"

"नाही," खालून आवाज आला. "वाळू आहे."

"मग वाजवा ना!"

चराच्या तळातून ताटाचा आवाज येऊ लागला. एक-दो, एक-दो. रूपमतीनं खाली वाकून पाहिलं, थोडा विचार केला, आणि उडी वगैरे काही न मारता, बाई नाली ओलांडते तशी एक लांब पाऊल टाकून पलीकडे गेली. मागून चुलतभाऊ आले. चरात गुलाबी साफा बघून ते इतके हसले, की पाठलाग विसरून त्यांनी देवस्थळींना हात देऊन वर काढलं, अंगावरची वाळूही झटकली. घोडी दुसऱ्याची आहे हे कळल्यावर मात्र त्यांचे चेहरे पडले. "दादी को अब क्या बताएँ?"

"सांगा, घोडी मुहूर्ताआधी पळाली, मोठा शकुन असतो," देवस्थळी म्हणाले. लुंबिनीनं ते हिंदीत केलं. चुलतभावांना ते पटलं आणि ते खूश होऊन परत गेले.

सेक्टर सव्वीसच्या मांडवाबाहेर घोडी शोधून दमलेला सुरजन डोक्याला हात लावून बसला होता. नवऱ्या मुलाचा मामा त्याच्यावर तोंडसुख घेत होता. पाचला सात मिनिटं कमी असताना ताटाचा आवाज आला. आधी देवस्थळी दिसले, मग रूपमती, मग तिच्यावर केस धुळीनं माखलेली लुंबिनी.

सुरजन धावत आला. आधी त्यानं घोडीचे चारही पाय चाचपले, मग नाक, मग झूल. मग तिच्या गळ्याला मिठी मारून उभा राहिला. लुंबिनी मान खाली घालून उतरली. "ताऊ, गलती मेरी थी. मुझसे लगाम सँभला नहीं."

"तुझसे क्या, मुझसे नहीं सँभलती ये बाजा सुन के," सुरजन म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि ते दिसू नये म्हणून तो रागावल्यासारखा बोलत होता. "बैठती ठीक है तू. घुटने से पकड़ती है. किसने सिखाया?"

"अभी सीखा. रास्ते में."

सुरजननं देवस्थळींच्या डोक्यावरचा साफा काढून घेतला, त्यातली वाळू झटकली. "और बाबूजी, आप तो लिखा ही करो."

ते प्रकरण देवस्थळींनी त्या रात्री ओट्याशी उभं राहून लिहिलं. बसणं आणखी चार दिवस शक्य नव्हतं. वैजयंतीकाकू मधून मधून हळद-दूध आणून देत आणि हसू आलं की तोंडाला पदर लावून दुसऱ्या खोलीत जात. नव्या प्रकरणात विष्णूला लढाऊ घोडी मिळाली नाही. नगारा वाजला की जागची हलणारी एक म्हातारी घोडी मिळाली. विष्णू घाबरला, चिखलात पडला, रडकुंडीला आला, तरी खबर वेळेत पोचली. पोटाखाली कुणी लोंबकळलं नाही.

सोमवारी सकाळी शाळेत जाण्याआधी लुंबिनीनं ते उभ्या उभ्याच वाचलं. एकदाही थांबली नाही.

"शंका?" देवस्थळींनी भीत भीत विचारलं.

"एकच. पुढे लढाईत ते हरणारच आहेत ना, काका? मग विष्णूनं खबर पोचवून काय फायदा?"

देवस्थळींनी चष्मा काढून पुसला. "छावणीत बायकापोरं असत," ते शेवटी म्हणाले. "त्यांना रात्रीतून नदीपार काढता आलं असेल. असं धरून चालतोय मी."

लुंबिनीनं विचार केला. "ते लिहा ना मग. ते लिहिलंच नाहीये."

देवस्थळींनी पाकीट पुन्हा उघडलं. ती बससाठी पळाली तेव्हा ते ओट्याशी उभे राहून आणखी एक पान लिहीत होते.